गफूर मास्तरांचं टपाल

गफूर मास्तर पत्र कधी बसून वाचत नसत. चपराशी टपाल घेऊन दारात दिसला की हातातला खडू खाली ठेवत, शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं लावत, रुमी टोपी सरळ करत आणि लिफाफ्याला चक्क सलाम करत. मग उभ्यानंच लिफाफा कडेनं कापून, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागत. आत सायकलींच्या किमतीचं साधं पत्रक असलं तरी हाच थाट. मास्तर उभे म्हणून आम्ही पोरंही उभी.

"खत आया सो आदमी आया समझो," ते म्हणायचे. "आदमी दारात उभा आणि तुम्ही बसून? कौन तुमारे संग धंदा करेगा?"

पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, मास्तरांचं डोकं थोडं फिरलेलं असावं. आज मी हैदराबादेत कॉलेजात शिकतो आहे. इथं मोठमोठे प्रोफेसर आहेत, त्यांच्याबद्दल लिहिणारी पोरंही पुष्कळ आहेत. मला मात्र लिहायला बसलं की गफूर मास्तरच दिसतात. नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही, पण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना ते थोडे तरी दिसावेत, एवढीच इच्छा आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वैजापूरच्या बाजारात मापारी. शेतकऱ्यानं आणलेली बाजरी-ज्वारी पायलीनं मोजून व्यापाऱ्याच्या पोत्यात ओतायची आणि प्रत्येक मापाला मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्यांचं काम. आजोबांचंही तेच. मी औरंगाबादला छावणीत मामाकडे राहून शिकत होतो. आमच्या हायस्कुलात त्या साली नवीन वर्ग उघडला, तिजारती जमात. व्यापाराचं शिक्षण देणारा वर्ग, एवढंच मला कळलं. फी माफ होती, म्हणून नाव घातलं. खरं कारण हेच. उगाच मोठं कारण सांगत नाही.

पण आत पाऊल टाकलं आणि मला वेड लागायचं बाकी राहिलं. तसला वर्ग मी पाहिलाच नव्हता! शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एका खोलीत भिंतीला लागून कपाट, त्यात काचेच्या बरण्यांतून ज्वारीचे, बाजरीचे, सरकीचे नमुने. कापसाच्या पुड्या. हिमरू कापडाचे हातभर तुकडे, त्यांवर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठ्या. दुसऱ्या खोलीत टेबलावर टाइपरायटर, आणि तो एकच. म्हणून मास्तरांनी सुताराकडून फळ्या करून घेऊन त्यांवर रंगानं अक्षरं काढली होती. त्यांना आम्ही 'मुकी मशीन' म्हणायचो. आठवडाभर मुक्या मशीनवर बोटं आपटायची, तेव्हा गुरुवारी खऱ्या मशीनवर दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही सात दिवस जगत होतो म्हटलं तरी चालेल. रस्त्यानं चालताना मांडीवर, जेवताना ताटाच्या कडेवर, जिथं तिथं बोटं नाचायची. एकदा मामीनं भाकरी वाढता वाढता हात थांबवला आणि मामाला म्हणाली, "अहो, ह्याला बघा तरी. आंगात येतंय जनू!"

मास्तर आधी एका कापसाच्या पेढीवर पत्रं लिहायला होते. बारीक अंगाचे, पांढरी कातरलेली दाढी, बोटाला शाईचा कायमचा डाग. उर्दू, इंग्रजी आणि मराठी, तिन्ही भाषांत पत्रं लिहायचे आणि आमच्याशी तिन्हींची खिचडी करून बोलायचे. म्हणायचे, "सरकार उर्दूत वाचतं, मुंबई अंग्रेजीत वाचते, और बाजार? बाजार मराठीत ऐकतो. ज्याला तिन्ही जमलं, त्यो कुठंबी भुका मरत नाय."

आणि ते खरी पत्रं लिहायला लावायचे, हेच तर खरं नवल! वहीत लिहून खोडायची नव्हे. मुंबईच्या, कलकत्त्याच्या कंपन्यांना किमतींची पत्रकं मागवणारी पत्रं आम्ही पोरं लिहायचो, मास्तर पदरचं तिकीट लावायचे आणि ती खरोखर जायची. मात्र त्याआधी एक कायदा होता. प्रत्येक पत्र आधी चपराशी लक्ष्मणला वाचून दाखवायचं. लक्ष्मण स्टुलावर व्यापारी होऊन बसायचा, समोर पोरगा उभा राहून वाचायचा. लक्ष्मणला जांभई आली की पत्र रद्द.

"लक्ष्मण ऊंघा तो समझो गिऱ्हाईक गया," मास्तर म्हणायचे. "तू जिथं जाऊ शकत नाहीस ना बेटा, तिथं तुझं खत जातं. धुतलेला सदरा घालून धाड त्याला. और सुननेवाले का चेहरा देखे बगैर धाडू नको."

लक्ष्मण म्हणायचा, "मास्तर, माझी झोप तुमी सरकारी कामाला लावली की!"

मी कंदिलांच्या एका कंपनीला लिहिलं. पंधरा दिवसांनी लक्ष्मण दारात उभा. मास्तरांनी बटणं लावली, टोपी सरळ केली, सलाम केला आणि माझं नाव वाचलं. माझं! मापाऱ्याच्या पोराचं नाव मुंबईत कुणीतरी मशीनवर छापलं होतं, नावापुढे आदरानं उपाधी लावली होती. माझे कान तापले. घरी जाईपर्यंत तो लिफाफा मी चार वेळा काढून पाहिला. मामीनं पाहिला तर तिचा चेहरा उतरला. "कोर्टाचं हाय का रं? काय करून आलास?"

असं सगळं मजेत चाललं असताना दसऱ्याच्या सुमाराला वैजापूरचा एक गाडीवान छावणीत आला आणि दादांचा निरोप सांगून गेला. "दिवाळीला ये. सामान घेऊन ये. ह्या मोसमापासनं माप तुझ्या हातात."

 दादांचा गुडघा दोन वर्षांपासून धरत होता हे मला ठाऊक होतं. दिवसभर उकिडवं बसून मापायचं काम, त्यांना होईना. अडतीवाल्यांनी सांगितलं होतं, पोराला आणा, नाहीतर माप पुतण्याला द्या. एकदा हातातून गेलेलं माप घरात परत येत नाही. म्हणजे एकीकडे आजोबांपासून चालत आलेलं काम, आणि दुसरीकडे माझी मुकी फळी. दोन वर्षांचा अभ्यास, त्यातले चार महिने झालेले. दिवाळीला गेलो की संपलं.

मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "बाप को खत लिख. सबसे मुश्कील गिऱ्हाईक वोच है. पण वो खत मैं नहीं बताऊंगा. तेरा तू लिख."

मी लिहिलं. जे जे शिकलो होतो ते सगळं त्यात घातलं. लिहिताना मला इतका आनंद होत होता की काय सांगू! एकही शब्द खोडला नाही. आणि मास्तरांना, सगळ्यांना चकित करायचं म्हणून लक्ष्मणला न वाचून दाखवताच टपालात टाकलं. त्याची नक्कल अजून माझ्याकडे आहे. लाज वाटते, तरी देतो:

"मेसर्स दगडूजी मापारी, मुक्काम वैजापूर, यांस. मेहेरबान साहेब, आपला तोंडी निरोप गाडीवान यांचेमार्फत पावला. मजकूर ध्यानी आला. उत्तरादाखल कळविण्यात येते की, सदर मुलगा तूर्त देता येणे शक्य नाही. तयार होण्यास अजून सुमारे दोन वर्षांची मुदत लागेल. मुदतीपूर्वी उचल केल्यास मालाच्या प्रतीची हमी राहणार नाही. तरी आपला विचार उलट टपाली कळवावा. आपला विश्वासू."

उलट टपाल आलं नाही. पाचव्या दिवशी दादा स्वतः आले.

मास्तर कापसाच्या धाग्याची लांबी कशी पाहतात ते दाखवत होते. दारात दादा उभे. वैजापूरजवळच्या रोटेगाव स्टेशनावरून गाडीनं आलेले, फेट्यावर धूळ, हातात घडी घातलेला कागद. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर तुमीच का?"

"हौ. या, बसा."

"बसाय नाय आलो. ह्यो कागद तुमी शिकिवला का, तेवढं सांगा."

मास्तरांनी कापूस खाली ठेवला. कागद पत्र आहे हे दिसताच बटणं लावली, टोपी सरळ केली, सलाम केला आणि उभ्यानं मोठ्यानं वाचलं. 'सदर मुलगा' आलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी नुसतं पाहिलं, हसणं गिळलं गेलं. मी मान वर करू शकत नव्हतो.

दादा म्हणाले, "मला वाचता येत नाय. मुनीमजीनं भर अडतीत वाचलं. दोन हमालांनी हसू हसू खांद्यावरलं पोतं टाकलं खाली. आता उभा बाजार मला मेहेरबान साहेब म्हनतोय. त्याचं काय नाय, बाजार हसतोच. पर मास्तर…" ते थांबले. "माझ्या पोरानं मला वळख नसल्यागत लिवलंय. कुन्या गावचा व्यापारी आसल तसं. हे शिकायचं आसल तर नगं मला. सामान बांध रं."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी उठलोही.

"रुको," मास्तर म्हणाले. कागद पुन्हा एकदा वरून खाली पाहिला. "खत में गलती एकबी नहीं. और दादा बोलके बी एक बार नहीं." मग माझ्याकडे वळून, "लक्ष्मण को सुनाया था?"

"नाही."

"चेहरा देखा था किसी का?"

"नाही."

ते दादांकडे वळले आणि एकदम मराठीत म्हणाले, "दगडूभाऊ, कसूर माझा आहे. मी पोरांना खत लिहायला शिकवलं, सुरुवात करायला शिकवली नाही. न्यायचं तर न्या पोराला, तुमचाच आहे. पण एक तास द्या मला. तुम्ही माप कसं घालता ते माझ्या पोरांनी पाहिलेलं नाही. तेवढं दाखवा."

दादा नको म्हणणार होते. पण त्यांची नजर कपाटाकडे गेली. तिथं वजनमापांच्या धड्यासाठी ठेवलेली पायली होती. ते थेट तिकडे गेले. "आसं उताणं ठिवत्यात व्हय माप? रितं माप पालथं ठिवावं." आणि पायली हातात घेतल्याबरोबर दादा बदलले. मला तरी तसं दिसलं. लक्ष्मणनं नमुन्याच्या ज्वारीचं पोतं आणून जमिनीवर ओतलं. दादा गुडघा सांभाळत उकिडवे बसले, पायली राशीत खुपसली, तळव्यानं वरची कड सपाट केली आणि त्या चार भिंतींत बाजाराचा आवाज घुमला:

"लाभ! लाभ! लाभ! … दोन! दोन! … तीन!"

आम्ही बाकांवर उभे राहिलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं. सरसर ज्वारी, तो आवाज, हाताची ती लय. मी जन्मापासून ऐकलेलं होतं, तरी अंगावर काटा आला. मला वाटत होतं ओरडून सांगावं, हे माझे दादा आहेत!

मास्तर तर लहान पोरासारखे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "भाऊ, एक कायकू नहीं बोले? पहिल्याला लाभ का?"

दादा हसले. आल्यापासून पहिल्यांदा. "पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, मास्तर. ज्याचं धान्य हाय त्याचंबी बरं व्हावं, जो नेतोय त्याचंबी बरं व्हावं, आसं आधी बोलायचं. मंग मोजायचं. पयल्यापासनं नुसतं मोजाय लागला, तर त्यो मापारी नव्हं. त्याला कुनी दारात उभं करत नाय."

मास्तर ताडकन उठले. त्यांची टोपी पडली, ती उचलायचंही भान नव्हतं. "लिखो!" ते ओरडले. "सब लिखो! तीस बरस मैं खत लिख्या, इतनी सीधी बात मेरेकू किसीने नहीं बताई. खत की पहिली ओळ लाभ की! सौदा दुसऱ्या ओळीपासून!" आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं: पहिली ओळ, लाभ.

मग मला म्हणाले, "अब लिख. इथंच बस. गिऱ्हाईक समोर बसलेलं आहे, चेहरा देखके लिख."

मी लिहायला बसलो. दादा बाकावर टेकले होते, गुडघा दाबत. मला इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा गुडघा दिसला.  चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागला असेल.  शेवटी मी उभा राहिलो तसं मास्तर दादांना म्हणाले, "दगडूभाऊ, उठा. तुमचं पत्र आलं."

"आता उभं कशाला? हितंच हाय की मी."

"पत्र बसून ऐकत नाहीत. आदमी आलाय दारात."

दादा उठले. काय वाटलं कोण जाणे, फेटाही नीट केला. मी वाचलं:

"दादा, तुमचा गुडघा बरा असावा, आणि बाजारात तुमचा आवाज असाच घुमत राहावा. मापाची मला लाज नाही. पण मला इथं जे शिकायला मिळतंय ते शिकताना माझं मन भरून येतं, तेवढं मला कशानंच भरत नाही. मी परत आलो तर माप जाणार नाही हे मला कळतं. दोन वर्षं मागतो आहे ती तुमच्या गुडघ्यावर मागतो आहे, हेही कळतं. नाही म्हणालात तर आज येईन आणि राग धरणार नाही. तुमचा, बाळू."

 दादांनी पुढे येऊन कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, आणि जुना कागदही मास्तरांकडून मागून घेऊन दोन्ही फेट्यात खोवले. दारापर्यंत गेले. तिथून मागं वळून म्हणाले, "दिवाळीला ये."

मला वाटलं, संपलं.

"सामान आनू नगं," दादा म्हणाले आणि गेले.

वर्गात जो कल्ला झाला तो हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेला. लक्ष्मण स्टूल वाजवत होता. मास्तर मात्र खिडकीशी उभे राहून दादा फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत पाहत होते. मग म्हणाले, "आज की फीस मेरेकू देनी थी उनको."

दोन वर्षं दादा गुडघ्याला चिंधी बांधून मापत राहिले. मी वर्ग पुरा केला. मग मास्तरांनीच अर्ज लिहायला लावून मला हैदराबादच्या कॉलेजात धाडलं. त्या अर्जालाही लक्ष्मणनं आधी दोनदा जांभई दिली होती. ज्या साली मी निघालो त्याच साली मास्तर नोकरीतून मोकळे झाले आणि लेकीकडे बीडला राहायला गेले. माप दादांच्या पुतण्याकडे गेलं. दादा आता अडतीत पोत्यांवर लक्ष ठेवायला बसतात. मी निघालो त्या दिवशी मास्तर स्टेशनवर आले होते. त्यांनी माझ्या हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येक कार्डावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात दादांचा पत्ता लिहिलेला. 'मेसर्स' नव्हतं. "बाकी का तू लिख," म्हणाले. गाडी हलली तरी ते फलाटावर तसेच उभे होते, बटणं लावून, टोपी सरळ करून. कुणाचं तरी पत्र आल्यासारखे.

परवाच्या सुट्टीत एक गंमत झाली. येतो म्हणून दादांना कार्ड टाकलं होतं, पण माझी सुट्टी आधीच लागली आणि कार्ड पोहोचायच्या दिवशीच मी रोटेगावला उतरलो. वैजापूरच्या बाजारात शिरलो तर अडतीसमोर मुनीमजींच्या हातात ते कार्ड. मी एका बैलगाडीआड थांबलो. माप चालू होतं, पुतण्याचा आवाज चढलेला होता.

दादांनी हात वर केला. माप थांबलं. दादा पोत्यावरून उठले, गुडघा सरळ करायला त्यांना थोडा वेळ लागला, सदऱ्याची बटणं लावली, फेटा नीट केला. हमालही, सवयीनं असावं, पाठीवरची पोती टेकवून उभे राहिले.

"बस की दगडूभाऊ," मुनीमजी म्हणाले. "कार्डच तर हाय."

"वाचा तुमी."

मुनीमजींना घाई होती. त्यांनी कार्डावर नजर फिरवली. "येतोय म्हनं सुट्टीला, बुधवारी…"

"थांबा, मुनीमजी," दादा म्हणाले. "मोजाय कुठं लागला? लाभ वाचा आधी."